मुलगी ब्रिटिश आहे हे कागद सांगतो. ती इंग्लिश आहे की नाही हे कोण ठरवणार?

रेडिंगकर (मूळ प्रश्न)

नमस्कार. मी २००८ पासून इंग्लंडमध्ये राहतो. माझ्या मुलीचा जन्म २०११ मध्ये रेडिंगमध्ये झाला. त्या वेळी आम्ही दोघेही नोकरीच्या व्हिसावर होतो, त्यामुळे इंग्लंडच्या भूमीवर जन्मूनही ती जन्मतः ब्रिटिश नागरिक झाली नाही. तिचा पहिला पासपोर्ट भारताचा होता. २०१४ मध्ये आम्हाला कायम वास्तव्याची परवानगी मिळाल्यावर आम्ही अर्ज आणि शुल्क भरून तिची ब्रिटिश नागरिक म्हणून नोंदणी केली, आणि पुढच्या वर्षी आम्हीही नागरिकत्वाच्या समारंभात शपथ घेतली. त्या शपथेत राणीशी आणि तिच्या वारसांशी निष्ठा होती, युनायटेड किंगडमशी, म्हणजे इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंड मिळून झालेल्या राज्याशी, निष्ठा होती, लोकशाही मूल्ये आणि कायदे पाळण्याचे वचन होते. 'इंग्लंड' हा शब्द मात्र त्यात एकदाही नव्हता. तेव्हा ते माझ्या लक्षातही आले नाही.

लक्षात आले ते मार्च २०२१ च्या जनगणनेच्या वेळी. रात्री जेवणे झाल्यावर मी लॅपटॉपवर अर्ज भरत होतो आणि मुलगी खुर्चीच्या पाठीला रेलून वाचत होती. राष्ट्रीय ओळखीचा प्रश्न आला: ब्रिटिश, इंग्लिश, वेल्श, स्कॉटिश, नॉर्दर्न आयरिश, इतर. ती म्हणाली, "माझ्यासाठी इंग्लिश." मी ब्रिटिशवर खूण केली. तिने विचारले, "का?" मी म्हणालो, "ब्रिटिशमध्ये सगळंच आलं ना." हे उत्तर अपुरे आहे हे मला बोलतानाच कळत होते.

त्याच वर्षी जुलैमध्ये युरो फुटबॉलच्या अंतिम सामन्याच्या दिवशी तिने दोन्ही गालांवर सेंट जॉर्जचा लाल क्रॉस, म्हणजे इंग्लंडचा झेंडा, रंगवून घेतला होता. इंग्लंड पेनल्टीवर हरले, आणि ज्या तिघा कृष्णवर्णीय खेळाडूंच्या पेनल्टी हुकल्या त्यांना रात्रभर वर्णद्वेषी शिव्या खाव्या लागल्या. ते सारे तिने दुसऱ्या दिवशी बातम्यांत पाहिले. आता ती चौदा वर्षांची आहे. २०२५ च्या उन्हाळ्यात देशात ठिकठिकाणी दिव्यांच्या खांबांवर तोच झेंडा चढला आणि रस्त्यांवरच्या छोट्या वर्तुळाकार चौकांवर तोच क्रॉस रंगवला गेला. आमच्या रस्त्यावरही दोन झेंडे आहेत. ते लावणाऱ्यांच्या मनात काय होते हे मी सांगू शकत नाही. त्यांतल्या कित्येकांना केवळ आपल्या देशाविषयीचे प्रेम दाखवायचे असेल. पण त्या खांबाखालून जाताना माझी मुलगी आता वर पाहत नाही, एवढे मला दिसते.

माझा प्रश्न मनापासून आहे. इंग्लिश होण्याला दार आहे का? असेल तर ते जन्माचे, वंशाचे, भाषेचे की सवयीचे? आणि ते उघडण्याचा अधिकार कोणाकडे आहे?

दफ्तरदार

प्रश्न मोलाचा आहे, म्हणून सविस्तर लिहितो. सुरुवात आपल्या शब्दांपासूनच करावी लागेल, कारण मराठीत या दोन गोष्टी आपण कधी वेगळ्या केल्याच नाहीत. 'इंग्रज' हा शब्द पोर्तुगीजांकडून आपल्याकडे आला आणि समुद्रापलीकडून आलेल्या साऱ्या साहेबांना आपण तो सरसकट लावला. पेशवाई संपल्यावर दख्खनचा कारभार ज्याच्या हाती आला तो एल्फिन्स्टन स्कॉटिश होता. आपल्या लेखी तो इंग्रजच. हा घोळ एकट्या आपला नाही, खुद्द इंग्लंडनेही तो दोन-अडीच शतके जोपासला. १७०७ मध्ये स्कॉटलंडशी एकीकरण झाल्यानंतर थोरल्या भागीदाराला आपले नाव वेगळे सांगण्याची गरजच उरली नाही. संसद वेस्टमिन्स्टरची, राजा सर्वांचा, साम्राज्य ब्रिटिश. स्कॉटिश आणि वेल्श लोकांनी आपले वेगळेपण जपले कारण ते लहान होते. इंग्लिश माणूस मात्र 'ब्रिटिश' आणि 'इंग्लिश' हे शब्द एकाच अर्थाने वापरत राहिला.

आता कायदा पाहा. १९४८ च्या राष्ट्रीयत्व कायद्याने 'युनायटेड किंगडम आणि वसाहतींचा नागरिक' असा एकच दर्जा निर्माण केला. त्याच वर्षी जूनमध्ये 'एम्पायर विंडरश' हे जहाज कॅरिबियन बेटांवरून माणसे घेऊन टिलबरी बंदराला लागले. कागदोपत्री ही माणसे परकी नव्हतीच, ती आपल्याच राज्याच्या केंद्राकडे आली होती. मात्र पुढचा सारा इतिहास हे दार टप्प्याटप्प्याने लोटून घेण्याचा आहे. १९६२ मध्ये प्रवेशावर निर्बंध आले. १९६८ मध्ये केनियातून आशियाई लोक निघू लागताच संसदेने अवघ्या काही दिवसांत कायदा केला, आणि ब्रिटिश पासपोर्ट हातात असलेल्या माणसालाही आईवडील किंवा आजीआजोबा यांच्यामार्फत या भूमीशी नाते दाखवता आले नाही तर मुक्त प्रवेश नाकारला. १९७१ च्या कायद्याने हेच तत्त्व पक्के केले. १९८१ चा कायदा १ जानेवारी १९८३ पासून लागू झाला आणि केवळ इथे जन्मल्याने नागरिकत्व मिळणे थांबले. तुमच्या मुलीला जन्मतः नागरिकत्व का मिळाले नाही, त्याचे मूळ या कायद्यात आहे.

हे मी मुद्दाम सांगतो आहे, कारण 'ब्रिटिश ही नागरी ओळख, सर्वांना खुली. इंग्लिश ही वंशाची ओळख, बंद' असे नेहमी म्हटले जाते आणि ते अर्धेच खरे आहे. आजोबांच्या जन्मस्थानाची अट ब्रिटिश कायद्यानेच घातली होती. फरक इतकाच की ब्रिटिशपणाची सीमा कोठे आहे हे कायद्यात लिहिलेले असते, त्यामुळे तिच्यावर वाद घालता येतो, न्यायालयात जाता येते, पुढच्या संसदेत ती बदलता येते. २०१८ मध्ये विंडरश पिढीवरचा अन्याय उघड झाला, दशकानुदशके इथे राहिलेल्यांना कागद नाहीत म्हणून नोकरी, उपचार आणि घर नाकारले गेल्याचे समोर आले, तेव्हा सरकारला माफी मागावी लागली, कारण त्यांचा हक्क कायद्यात होता. इंग्लिशपणाचे तसे नाही. इंग्लिश पासपोर्ट नाही, इंग्लिश नागरिकत्व नाही, आणि १९९९ पासून स्कॉटलंड व वेल्सला आपापली प्रतिनिधिगृहे मिळाली तरी इंग्लंडला स्वतःची संसद नाही. केवळ इंग्लंडला लागू होणाऱ्या कायद्यांवर इंग्लिश खासदारांना वेगळा नकाराधिकार देणारा एक नियम २०१५ मध्ये आला होता. तो २०२१ मध्ये रद्द झाला आणि फारशी हळहळही कोणी व्यक्त केली नाही.

याची तुलना स्कॉटलंडशी करा. १८ सप्टेंबर २०१४ ला स्वातंत्र्याचे सार्वमत झाले, तेव्हा मतदार कोण हा प्रश्न प्रत्यक्ष सोडवावा लागला. उत्तर होते, स्कॉटलंडमध्ये राहणारा. तिथे स्थायिक झालेल्या पोलिश किंवा भारतीय नागरिकाला मत होते. एडिंबरामध्ये जन्मून लंडनमध्ये राहणाऱ्याला नव्हते. राष्ट्र म्हणजे कोण, याची यादी त्यांना एकदा तरी करावी लागली. इंग्लंडवर ती वेळच आली नाही. माझ्या मते तुमच्या मुलीची अडचण इंग्लिश समाजाच्या स्वभावापेक्षा या रिकाम्या जागेतून अधिक आली आहे.

जनगणनेचेही एक सांगतो. २०११ मध्ये इंग्लंड आणि वेल्समधल्या ५७.७ टक्के लोकांनी आपली ओळख फक्त इंग्लिश अशी नोंदवली होती. २०२१ मध्ये हे प्रमाण १४.९ टक्क्यांवर आले आणि फक्त ब्रिटिश म्हणणारे १९.१ वरून ५४.८ टक्क्यांवर गेले. दहा वर्षांत एवढे मनःपरिवर्तन होत नसते. २०११ मध्ये इंग्लंडच्या अर्जात 'इंग्लिश' हा पर्याय सर्वांत वर होता, २०२१ मध्ये तिथे 'ब्रिटिश' आला, आणि बदलाचे मोठे कारण तेच असावे असे सांख्यिकी कार्यालयानेच सांगितले. राष्ट्रीय ओळख ही रक्तात भिनलेली गोष्ट आहे असे जे ठामपणे सांगतात, त्यांनी या आकड्यांचा विचार जरूर करावा.

सडेतोड

दफ्तरदारांच्या माहितीबद्दल आदर आहे, पण निष्कर्षाशी मी सहमत नाही. संस्था नाही म्हणून ओळख धूसर आहे, हे म्हणणे इंग्लिश लोकांवर अन्याय करणारे आहे. ॲथेलस्टनने ९२७ मध्ये सर्व इंग्लिश लोकांचा राजा म्हणून सत्ता एकत्र केली तेव्हापासून, म्हणजे ब्रिटिश या राजकीय ओळखीच्या कितीतरी आधीपासून, हे लोक स्वतःला एक लोकसमूह मानत आले आहेत. गावातल्या चर्चच्या आवारात ज्याच्या दहा पिढ्यांचे दगड आहेत, त्याला आपली ओळख वारशाने मिळाली असे वाटत असेल तर तो कोणाचा द्वेष करतो असे होत नाही.

दुसरे म्हणजे वेग. या लोकांनी गेल्या पंधरा वर्षांत वारंवार स्थलांतर कमी करण्याच्या बाजूने मते दिली. २०१० मध्ये निव्वळ स्थलांतर एक लाखाच्या खाली आणण्याचे आश्वासन मिळाले. ते कधीच पाळले गेले नाही. २०१६ मध्ये इंग्लंडने ५३.४ टक्के मतांनी युरोपीय संघातून बाहेर पडण्याचा कौल दिला, आणि त्यानंतर, २०२३ मध्ये, निव्वळ स्थलांतर वर्षाला नऊ लाखांच्या वर गेले. पुढे ते झपाट्याने उतरले हे खरे, पण ज्याला शब्द देऊन फसवले गेले त्याच्या मनात जे साचते ते आकडा उतरल्याने उतरत नाही. झेंडा खांबावर चढतो त्यामागे पुष्कळदा हे साचलेले असते. आपण बाहेरून आलेले लोक, आपण ते आधी समजून घ्यायला हवे.

मी स्थलांतरविरोधी राजकारणी इनॉक पॉवेलचा समर्थक नाही. वेस्ट इंडियन किंवा आशियाई माणूस इंग्लंडमध्ये जन्मल्याने कायद्याने नागरिक होतो, पण इंग्लिश होत नाही, असे तो १९६८ मध्ये म्हणाला होता, आणि त्याच्या त्या वर्षीच्या भाषणांनी किती घरांच्या काचा फुटल्या हे आपल्या आधीच्या पिढीने भोगले आहे. तरीही फेब्रुवारी २०२५ मध्ये ऋषी सुनक इंग्लिश आहेत का यावर वाद झाला, तेव्हा माजी गृहमंत्री सुएला ब्रेव्हरमन यांनी, त्याही इंग्लंडमध्येच जन्मलेल्या, मी ब्रिटिश आहे पण इंग्लिश नाही असे स्वतःहून लिहिले. सुनक यांनी स्वतःला इंग्लिश म्हटले. दोघांपैकी कोणालाही आपण खोटे ठरवू शकत नाही. मुलीला ब्रिटिश म्हणून ताठ मानेने जगता येते. जे नाव दुसऱ्याचा वारसा आहे त्यासाठी हट्ट कशाला?

लेस्टरची मावशी

सडेतोड, तुमच्या वेगाच्या मुद्द्याशी मी सहमत आहे, आणि दिलेला शब्द मोडला गेला याचा राग मलाही समजतो. मात्र 'दुसऱ्याचा वारसा' हे शब्द वाचून मी थांबले. मी तीस वर्षे लेस्टरच्या शाळांत शिकवले आहे आणि ते शब्द कोणत्या मुलाच्या तोंडावर बोलायचे, हे मला कळत नाही.

१९७२ मध्ये इदी अमीनने युगांडातून आशियाई लोकांना हाकलले, तेव्हा या शहराच्या नगरपालिकेने तिथल्या वर्तमानपत्रात जाहिरात देऊन कळवले होते की आमच्याकडे घरे, शाळा आणि आरोग्यसेवा अपुऱ्या पडत आहेत, तुम्ही लेस्टरला येऊ नका. एकंदर सुमारे २८ हजार माणसे ब्रिटनमध्ये आली आणि त्यांतली पुष्कळ लेस्टरलाच आली. त्यांची नातवंडे माझ्या वर्गात होती. त्यांतली एक मुलगी रोज सकाळी बसमध्ये चढताना चालकाला 'ए अप, मी डक' म्हणायची. ही या भागातली जुनी बोली आहे. लंडनचा माणूस असे बोलत नाही, पासपोर्टच्या अर्जावर ते शिकवत नाहीत, आणि पुस्तकातूनही ते येत नाही. तिच्या आजीचा जन्म कंपालाचा, घरची भाषा गुजराती, आणि ओठांवर मात्र इंग्लंडच्या या एका कोपऱ्याचे अभिवादन. चालकही तिला त्याच शब्दांत उत्तर द्यायचा. या देवाणघेवाणीत कोणी कोणाला परवानगी मागितली नव्हती.

वेल्श होऊ इच्छिणाऱ्याला वेल्श भाषा शिकता येते. ते कष्टाचे असले तरी दिसणारे दार आहे. इंग्लिश भाषा साऱ्या जगाची झाल्यामुळे ती कोणाला आत घेत नाही आणि बाहेरही ठेवत नाही. म्हणूनच मला वाटते की इंग्लिशपणा हा देशाच्या पातळीवर येण्याआधी गावाच्या पातळीवर येतो. मुले 'मी लेस्टरची' हे आधी आणि न अडखळता म्हणतात. रेडिंगकर, तुमची मुलगी रेडिंगची आहे यावर कोणी वाद घातला आहे का?

मी सगळे गोड दाखवत नाही. २०२२ मध्ये आमच्या शहरात हिंदू आणि मुस्लिम तरुणांमध्ये जो तणाव पेटला, त्याने मला अनेक रात्री झोप लागली नाही. एकत्र राहणे आपोआप घडत नसते. २०२४ च्या जुलैमध्ये साउथपोर्टला तीन लहान मुलींची हत्या झाल्यावर, हल्लेखोर नुकताच आलेला निर्वासित आहे या खोट्या बातमीवरून ठिकठिकाणी दंगली झाल्या. तो कार्डिफमध्ये जन्मलेला होता. त्या आठवड्यात माझ्या जुन्या विद्यार्थिनी मला फोन करून विचारत होत्या की बाहेर जावे की नाही. दहा पिढ्यांचे दगड नसलेल्या माणसाच्या मनात त्या वेळी काय साचले, तेही समजून घ्यायला हवे, एवढीच माझी विनंती आहे.

आणि वारशाबद्दल म्हणाल तर लंडनच्या ब्रिक लेनवर एक इमारत आहे. फ्रान्समध्ये छळ झाल्यामुळे पळून आलेल्या ह्यूगनॉट प्रोटेस्टंटांच्या वंशजांनी ती १७४३ च्या सुमारास प्रार्थनागृह म्हणून बांधली. पुढे ती मेथडिस्ट पंथाकडे गेली, १८९८ मध्ये तिथे पूर्व युरोपातून आलेल्या ज्यूंचे सिनेगॉग झाले, आणि १९७६ पासून तिथे बांगलादेशी लोकांची मशीद आहे. भिंतीवर उंच एक सूर्यघड्याळ आहे आणि त्यावर लॅटिनमध्ये कोरले आहे, आम्ही छाया आहोत. मी वर्ग घेऊन तिथे अनेकदा गेले आहे. त्या ह्यूगनॉटांचे वंशज आज कोठे आहेत, असे मी मुलांना विचारत असे. कोणालाच उत्तर देता येत नसे, कारण त्यांना आता वेगळे ओळखताच येत नाही.

पॅव्हेलियन

एक छोटी भर. इंग्लिश कोण, हे लेखी नियमाने ठरवणारे एक ठिकाण इंग्लंडमध्ये आहे आणि ते म्हणजे खेळाचे मैदान. ब्रिटिश म्हणून क्रिकेटचा संघ नाही. संघ इंग्लंडचा आहे, आणि त्यातही वेल्स आहे. ब्रिटिश नागरिकत्व, आणि त्यासोबत इंग्लंड किंवा वेल्समधला जन्म अथवा ठरावीक वर्षांचे वास्तव्य, असा त्याचा नियम आहे. ही वास्तव्याची मुदत आधी सात वर्षे होती. ती तीन केल्यामुळे बार्बाडोसमध्ये जन्मलेला जोफ्रा आर्चर २०१९ ची विश्वचषक स्पर्धा खेळू शकला. १४ जुलैला लॉर्ड्सवर सुपर ओव्हर त्यानेच टाकली. कर्णधार इऑइन मॉर्गन डब्लिनचा, बेन स्टोक्स न्यूझीलंडमध्ये जन्मलेला.

हुजूर पक्षाचे नेते नॉर्मन टेबिट यांनी १९९० मध्ये स्थलांतरितांसाठी क्रिकेटची कसोटी सुचवली होती, की तुम्ही कोणत्या संघाचा जयजयकार करता. नऊ वर्षांनी मद्रासमध्ये जन्मलेला नासिर हुसेन इंग्लंडचा कर्णधार झाला. टेबिट यांचा प्रश्न प्रेक्षकाला होता, उत्तर खेळपट्टीवरून आले. मात्र सडेतोड यांचा मुद्दा इथेही थोडा उरतो: जिंकलेल्या संघातल्या माणसाला सगळेच आपला म्हणतात, खरी ओळख पेनल्टी हुकल्यावर कळते. २०२१ मध्ये मँचेस्टरच्या विदिंग्टन भागात, पेनल्टी हुकलेल्या त्या तिघांपैकी एक असलेल्या मार्कस रॅशफर्डचे भित्तिचित्र विद्रूप केले गेले, तेव्हा आसपासच्या लोकांनी दुसऱ्याच दिवसापासून त्यावर चिठ्ठ्या, हृदये आणि इंग्लंडचे छोटे झेंडे चिकटवून ते सारे झाकून टाकले. झेंडा तोच होता.

सडेतोड

मावशी, 'हट्ट' हा शब्द मी मागे घेतो. चौदा वर्षांच्या मुलीसाठी तो वापरायला नको होता. वारशाबद्दलचे माझे मत मात्र कायम आहे. दिवंगत माणसांचाही राष्ट्रात वाटा असतो असे मी मानतो. ह्यूगनॉटांना विरून जायला दोन शतके मिळाली, आणि आज तो धीर दोन्ही बाजूंना धरवत नाही, ही माझी खरी काळजी आहे.

रेडिंगकर

सर्वांचे मनापासून आभार. दफ्तरदारांनी सांगितलेली रिकामी जागा मला पटली, आणि मावशींच्या प्रश्नाचे उत्तर असे की नाही, ती रेडिंगची आहे यावर आजवर कोणीही वाद घातलेला नाही. सडेतोड, दगडांबद्दल तुम्ही लिहिलेत ते मी पुन्हा वाचले. आमच्या घरामागच्या चर्चच्या आवारातून आम्ही रोज जातो, त्यांतली कितीतरी नावे मुलीला पाठ आहेत. त्यांवर तिचा हक्क नाही, पण ती तिला परकीही नाहीत.

काल रात्री हे प्रतिसाद मी तिला मराठीतून वाचून दाखवले. अडेल तिथे इंग्रजीत सांगितले. जनगणनेच्या आकड्यांपाशी तिने मला थांबवले आणि विचारले की त्या प्रश्नाला एकच उत्तर देता येत होते का. मी शोधून पाहिले. लागू असतील ते सर्व पर्याय निवडा, असे तिथे स्पष्ट लिहिले होते. मला दोन्हींवर खूण करता आली असती. ती काही बोलली नाही. मग म्हणाली की पुढच्या जनगणनेच्या वेळी ती वीस वर्षांची असेल आणि आपल्या रकान्यांत ती स्वतःच खुणा करील.